पांदणीची इर्जिक

चिंचखेड्याच्या देवकाबाईचं नाव नव्वदनंतर नार्नूर-इंद्रवेल्लीकडच्या गावांत चांगलंच गाजत होतं. कुठं शाळेची भिंत खचली, कुठं हापशीभोवती डबकं साचलं, कुठं तळं गाळानं भरलं, की लोक म्हणायचे, अर्ज मंग देऊ, आधी देवकाबाईले बोलवा. ती यायची, लुगड्याचा पदर कमरेला खोचून जागा बघायची, दोन-चार बाप्यांना तोंडावर आळशी म्हणायची आणि कामाचा दिवस ठरवून निघून जायची. त्या दिवशी काम व्हायचं. मंडलातून, म्हणजे तालुक्याच्या कचेरीतून, एखादा नवा साहेब आला तर हळूच विचारायचा, ही बाई कोणत्या पार्टीची? लोक हसायचे. पार्टी कसली नि काय कसलं! माणिकरावाची बायको, कापूस-ज्वारीची शेती, सही करायला बसली की जीभ दातांत धरणारी बाई ती.

पण असा लौकिक काही आभाळातून पडत नाही. ह्याची सुरुवात झाली सत्त्याऐंशी साली, एका पांदणीपासून आणि एका चुकीपासून. चूक देवकाबाईचीच होती. तळ्याची गोष्ट ती चार जणांत रंगवून सांगायची, शाळेच्या भिंतीचीही सांगायची, पण ही मात्र तिच्या तोंडून कधी निघत नसे. म्हणून इथं सांगितलेली बरी.

चिंचखेडा उटनूर-नार्नूर सडकेपासून अर्धा कोस आत आहे. मधली वाट म्हणजे पांदण, दोन्हीकडच्या वावरांमधून जाणारा बैलगाडीचा रस्ता. निजामाच्या काळात तिच्यातून दोन गाड्या शेजारून जायच्या म्हणे. पण शेतकरी माणूस दरवर्षी नांगरताना आपला धुरा, म्हणजे शेताचा बांध, वीतभर पांदणीत सरकवतो. मुद्दाम कोणी करत नाही आणि केल्याशिवायही कोणी राहत नाही. असं करता करता पांदण इतकी बारीक झाली की समोरून गाडी आली तर एकानं बैल सोडून आपली गाडी मागं रेटायची. पावसाळ्यातलं तर विचारूच नका. चिखलात बैल पोटापर्यंत रुतायचे आणि माणसं हातात वहाणा घेऊन, शिव्या देत सडक गाठायची.

देवकाबाईची लेक कुमुद त्या वर्षी सातवीत होती. पाळण्यातलं नाव कुमुदिनी, गावच्या शाळेच्या नरसिंगराव मास्तरांनी सुचवलेलं. पोरगी हुशार निघाली. मास्तर येता-जाता सांगायचे, हिला पुढं शिकवा, वाया घालवू नका. पण गावची शाळा सातवीपर्यंतच, आणि हायस्कूल नार्नूरला. घरात कर्ते होते माणिकरावांचे थोरले भाऊ उद्धवराव. माणूस वाईट नव्हे, पण त्यांचा शब्द एकदा निघाला की घरात तो देवाचा. त्यांनी किनवटकडचं एक स्थळ बघून ठेवलं होतं. खाऊन-पिऊन सुखी घर, मुलगा निर्व्यसनी. आणखी काय पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

आता त्या घराची रीत अशी की थोरल्या दिराशी, भासऱ्याशी, बाईनं तोंडावर बोलायचं नाही. देवकाबाई ती रीत पाळायची, पण तिच्या पद्धतीनं. पदर पुढं ओढून ती माठाशी बोलायची, चुलीशी बोलायची, आणि ओसरीवर बसलेल्या उद्धवरावांना सगळं ऐकू जायचं. त्या संध्याकाळी माठाला बरंच ऐकावं लागलं. पोरगी शिकणार म्हणजे शिकणार, सडकेवरून नार्नूरची बस जाते ती काय बैलांसाठी आहे का, तेरा वर्षांच्या लेकराचं लग्न करायची एवढी घाई कोणाला झाली आहे, असं सगळं तिनं त्या माठाला सुनावलं. उद्धवराव तंबाखू मळत होते. ते भावाकडं बघून म्हणाले, “माणिक, सांग तिले. आपली पोरगी अंधारात, चिखलात, त्या पांदणीनं एकटी जाणार नाई. बस आपल्या मारोतीपाशी येऊन उभी राहू दे, मंग जाऊ दे शिकाले. मिरगापर्यंत नाई आली तर मी किनवटले होकार कळवतो.”

गावात बस! उद्धवरावांनी शब्द दिला तो अगदी निर्धास्तपणे दिला. ज्या पांदणीतून बैल निघत नाही तिथं बस कोण आणणार? माणिकराव गप्प राहिले. ते तसे नेहमीच गप्प असायचे; घरात बोलायचं काम बायकोनं उचललं होतं आणि त्यांची काही तक्रार नव्हती. देवकाबाईनं मात्र माठावर झाकण ठेवलं आणि म्हणाली, ठरलं.

दुसऱ्या आठवड्यात ती नरसिंगराव मास्तरांना घेऊन बसच्या डेपोत गेली. राज्य तेलुगू, त्यामुळे साहेब तेलुगूत बोलायचे, मास्तर मराठीत सांगायचे, आणि देवकाबाई मास्तरांचं होईपर्यंत साहेबांच्या चेहऱ्याकडं टक लावून बसायची. साहेब भला माणूस होता. तो म्हणाला, नार्नूरची गाडी अर्धा कोस आत वळवायला माझं काही जात नाही, पण रस्ता रुंद पाहिजे, चाक रुतायला नको, आणि गावात गाडी वळवायला जागा पाहिजे. पावसाळ्याच्या आधी आमचा माणूस येऊन बघेल, तो हो म्हणाला तर गाडी देतो. बाहेर येऊन मास्तर म्हणाले, गोड शब्दांत नाही म्हणाला बघा. देवकाबाईला तसं वाटलं नाही. रुंदी पाहिजे, मुरूम पाहिजे, वळायला जागा पाहिजे, एवढंच तर म्हणाला, ती परतीच्या वाटेवर पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

काम करायचं कसं, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. ह्या मुलखात इर्जिक असते. एखाद्याचा नांगर अडला, पेरणी मागं पडली, की तो गावाला इर्जिक सांगतो. सगळे आपापली अवजारं, आपापले बैल घेऊन येतात, दिवसभर त्याच्या वावरात राबतात, मजुरी घेत नाहीत. ज्याची इर्जिक त्यानं फक्त जेवण घालायचं. त्याचं जेवण जेवलं की त्या दिवसाचं काम त्याचं झालं. त्यात कोणी बोट घालायचं नाही. देवकाबाईनं दारोदार जाऊन पांदणीची इर्जिक सांगितली. पटवारी-पटेलकी, म्हणजे गावची कुलकर्णी-पाटीलकी, सरकारनं मोडली त्याला दोन-तीन वर्षं झाली होती, गावात हुकूम कोणाचाच उरला नव्हता, आणि लोकांनाही चिखलाचा कंटाळा आलेला. होळीच्या आधी एका सकाळी चाळीसेक माणसं कुदळी-फावडी घेऊन सडकेच्या तोंडाशी जमली. शेजारच्या गोंडगुड्याची, म्हणजे गोंडांच्या पाड्याची, माणसंही आली, कारण त्यांची वाटही तीच.

आणि नेमकी तेव्हाच सडकेवरून पोलिसांची जीप गेली, पुढं जाऊन थांबली आणि मागं आली. इंद्रवेल्लीत पोलिसांनी गोंडांच्या जमावावर गोळ्या झाडल्या त्याला सहा वर्षं होत आली होती, पण ह्या भागात चाळीस माणसं कुदळी घेऊन सडकेवर उभी दिसली की जीप थांबायचीच. गुड्याच्या माणसांनी कुदळी खाली ठेवल्या. देवकाबाईला काय बोलावं ते कळत होतं, पण कोणत्या भाषेत ते कळत नव्हतं. अशा वेळी पुढं झाले यशवंतराव. हे गावचे जुने पटेल. पटेलकी गेली तरी धोतराची इस्त्री गेली नव्हती. ते जाऊन साहेबांशी आधी उर्दूत आणि मग तेलुगूत चार शब्द बोलले, हसले, पान दिलं, आणि जीप निघून गेली.

गावाचा जीव भांड्यात पडला. यशवंतराव म्हणाले, चला, आता काम होऊ द्या, जेवण आज माझ्याकडून. देवकाबाईला इतकं हायसं वाटलं होतं की तिनं वाकून नमस्कार केला आणि बायकांना म्हणाली, भाकरी थापू नका, आज पटेलांकडं वरण-भात आहे. दुपारी पंगत बसली. यशवंतरावांनी गोडाचं केलं होतं, तूप सढळ हातानं वाढलं. सगळे जेवले. देवकाबाई तर दोनदा वरण घेऊन जेवली. हीच ती चूक.

होळी झाली आणि झुडपं तोडत, खड्डे बुजवत पांदणीचं काम यशवंतरावांच्या वावरापाशी आलं; धुऱ्यांना अजून कोणी हात लावला नव्हता. तिथं त्यांचा धुरा पार पांदणीच्या पोटात शिरला होता. गावात सगळ्यांत जास्त त्यांचाच. धुरा मागं घेतला तर वाट सरळ, मुरमाच्या कडक जमिनीवरून जाणार होती. यशवंतराव काठी टेकत आले आणि म्हणाले, इथून वळवा, माझ्या वावराच्या खालच्या अंगानं घ्या. खालचं अंग म्हणजे खोलगट काळी माती. पावसाळ्यात तिथं बैल काय, बकरी रुतायची. देवकाबाई गावकीच्या नात्यानं म्हणाली, मामाजी, तिथं बस फसेल. यशवंतराव रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, सूनबाई, इर्जिक माझी आहे. जेवण कोणाचं जेवलात? मग वाट मी सांगेन तिथून जाणार.

आणि गंमत बघा, लोकांना ते पटलं! एरवी जे यशवंतरावांच्या मागं त्यांच्या नकला करायचे, तेच आता मान खाली घालून म्हणायला लागले, बरोबर आहे त्यांचं, जेवलो आपण. रीत ती रीत. देवकाबाईनं सगळ्यांना घालूनपाडून बोलून बघितलं. वरणाच्या वाटीत गाव विकलं का, म्हणाली. लोक ऐकून घेत, पण कुदळ उचलत नसत. नरसिंगराव मास्तरांनी सांगितलं की पांदण सरकारच्या नकाशात आहे, मंडलात अर्ज देऊ, मोजणीवाला येईल, हद्द काढून देईल. गोष्ट खरी होती. पण मोजणीवाला येणार दिवाळीला, आणि मृग यायला दोन-अडीच महिने. शिवाय देवकाबाई शेतकऱ्याच्या घरात जन्मली होती. सरकारनं मागं सारलेला धुरा पुढच्या नांगरणीला परत पुढं येतो, हे तिला ठाऊक होतं.

ते दिवस तिला फार जड गेले. गावात काम बंद पडलेलं, घरात उद्धवराव किनवटहून आलेल्या पाहुण्याला चहा पाजत बसलेले, आणि कुमुद कोपऱ्यात पुस्तक उघडून बसायची पण पान उलटायची नाही. देवकाबाईला स्वतःचा संताप यायचा. सगळं गाव आपण उठवलं, आणि नमस्कार करून तेच दुसऱ्याच्या हातात देऊन आलो! ती भाकरी थापायची तर परातीला भेगा पडतील इतक्या जोरानं थापायची. अशीच एकदा थापता थापता तिचा हात थांबला. रीतीनं अडवलं आहे ना, मग रीतीलाच विचारू. जेवण खाल्लं तर त्याचं काम द्यायचं असतं. काम दिलं की जेवण फिटतं. मग काम पांदणीचंच कशाला द्यायचं? यशवंतरावांच्या वावरात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या अजून उभ्याच होत्या.

पाडव्यानंतर एका सकाळी यशवंतराव दात घासत बाहेर आले तर त्यांच्या वावरात सगळं गाव. बाया-बाप्ये, गुड्यावरचे लोक, सगळे वेचणी झालेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या उपटत होते. यशवंतरावांना वाटलं, लोक वळले, आपली मर्जी राखायला आले. त्यांनी घरात स्वयंपाकाला सांगितलं आणि खुशीत येऊन धुऱ्यावर बसले. दुपार झाली. पऱ्हाट्यांचे ढीग लागले. यशवंतरावांकडची पातेली आली. आणि लोकांनी कमरेची फडकी सोडून आपापली भाकर काढली, सोबत कांदा, मिरचीचा ठेचा, आणि आपापल्या तांब्यातलं पाणी. पातेल्याकडं कोणी बघितलंही नाही.

“हे काय करून राह्यले तुमी?” यशवंतराव उठून उभे राहिले. “माह्या वावरात येऊन आपली भाकर खाता?”

देवकाबाईनं पदर पुढं ओढला, पण आवाज खाली आणला नाही. “मामाजी, त्या दिवशी तुमचं जेवण खाल्लं होतं. त्याचं काम हे. आज फिटलं. आता पांदण कोणाचीच इर्जिक नाई.”

“अन् माहा धुरा?”

“धुरा तुमचाच हाये. तुमच्याबिगर त्याले कोणी हात लावणार नाई.”

एवढं बोलून ती भाकर खायला बसली. यशवंतराव पातेली घेऊन परत गेले. चिंचखेड्यात अशी फजिती कोणाची झाली नव्हती, आणि लोकांना त्याचं हसूही आलं नाही, कारण भीती वाटत होती.

आता पुढची इर्जिक कोणाची? ह्याचं उत्तर देवकाबाईनं तयार ठेवलं होतं. इर्जिक सगळ्या गावाची, तर जेवणही सगळ्या गावाचं. प्रत्येक घरानं वाटीभर ज्वारीचं पीठ आणायचं, सगळं एकाच काठवटीत घालायचं, एकत्र मळायचं. म्हणजे कोणाच्या भाकरीवर कोणाचं नाव राहणार नाही, आणि उद्या उठून कोणी म्हणणार नाही की माझं जेवलात. यावर बायकांमध्ये बरीच कुजबुज झाली. कोणाच्या घरचं पीठ कोणाला चालतं आणि कोणाचं चालत नाही, हे ज्याला त्याला माहीत होतं. वरच्या आळीला खालच्या आळीचं नको होतं आणि गुड्याचं तर कोणालाच नको होतं. देवकाबाईनं ऐकून घेतलं आणि कामाच्या दिवशी, पांदणीतल्या चिंचेखाली, सगळ्यांच्या देखत सगळ्या वाट्या एकापाठोपाठ एक काठवटीत उपड्या केल्या, पाणी ओतलं आणि मळायला घेतलं. मग हात न थांबवता म्हणाली, “ज्याले आपलं पीठ येगळं पायजे, त्यानं आता येचून घ्या.” दोघी-तिघी उठून गेल्या. त्यातली एक थोड्या वेळानं परत आली आणि चूल पेटवायला बसली.

इर्जिकीची आणखी एक रीत असते. पहिला तास, म्हणजे नांगराची पहिली ओळ, ज्याची इर्जिक त्यानं धरायचा. मगच बाकीच्यांनी जू ठेवायचं. गावाची इर्जिक म्हटल्यावर प्रत्येक घर यजमान झालं. म्हणून ज्याचा धुरा त्यानं आधी आपल्या हातानं फोडायचा आणि मग बाकीच्यांनी फावडी चालवायची, असं ठरलं. पहिला धुरा माणिकरावांनी फोडला. त्यांची ज्वारीची चांगली पट्टी गेली, पण कुदळ मारताना त्यांनी तोंड वाकडं केलं नाही. त्यांच्यामागं दुसरा, तिसरा. एक जण फोडताना रडवेला झाला, तर शेजाऱ्यानं त्याला तंबाखू दिली. दुपारपर्यंत पांदण सडकेपासून यशवंतरावांच्या धुऱ्यापर्यंत सरळ, रुंद, लाल मुरमाची निघाली. आणि तिथं सगळे थांबले.

दुसऱ्याच्या धुऱ्याला हात लावायचा नसतो. त्यावरून ह्या भागात डोकी फुटली आहेत. माणसं कुदळी खाली टेकवून सावलीत बसली. उद्धवरावही आले होते, ते बाजूला उभे राहून बघत होते. धुऱ्यापलीकडं पांदण पूर्वीसारखीच बारीक दिसत होती. देवकाबाई भाकरी थापत होती, पण लक्ष गावाकडच्या वाटेवर होतं. आता करायचं असं काही उरलंच नव्हतं. यशवंतराव आले नाहीत तर गाव जेवून घरी जाईल, आणि कुमुद किनवटला.

तेवढ्यात गावाकडून एक बाई येताना दिसली. हातात झाकलेली वाटी. यशवंतरावांची बायको, बयनाबाई. ही बाई कधी कोणाच्या इर्जिकीला आली नव्हती. पटेलांच्या घरच्या बाया वावरात येत नसत. ती थेट काठवटीपाशी आली, खाली बसली, वाटीवरचं फडकं काढलं.

देवकाबाई म्हणाली, “आत्याबाई, मामाजींना माहीत हाये का?”

“त्यायले इचारून नाई आणलं,” बयनाबाई म्हणाली. “पहाटं जात्यावर बसून माह्या हातानं दळलं. माही रेणुका बारा वर्सांची असताना लगन करून देल्ली. मले कोणी इचारलं नोतं. आज मलेच सांगायचं हाये.”

तिनं वाटी उपडी केली आणि मळायला हात घातला. दोघी बायका एका काठवटीत पीठ मळू लागल्या. देवकाबाईच्या डोळ्यांना पाणी आलं, ते तिनं खांद्यानं पुसलं, कारण हात पिठाचे होते. रेणुका पहिल्या बाळंतपणात गेली होती. गावात सगळ्यांना माहीत होतं आणि त्या घरात तिचं नाव कोणी काढत नव्हतं.

यशवंतराव बायकोला शोधत आले ते तरातरा आले. आल्या आल्या ओरडणार होते, पण त्यांनी आधी काठवट बघितली. बयनाबाई उठली नाही. त्यांच्याकडं बघत म्हणाली, आपल्या घरचं पीठ गेलं आता ह्यात. एवढंच. इथं देवकाबाईच्या जिभेवर निदान पाच-सहा वाक्यं तयार होती, आणि त्यातलं एकही गोड नव्हतं. तोंड उघडणार तेवढ्यात तिचं लक्ष माणिकरावांकडं गेलं. त्यांनी नुसती मान हलवली, नको. जन्मात पहिल्यांदा त्या माणसानं बायकोला गप्प बसायला सांगितलं आणि देवकाबाई गप्प बसली. आपण तेव्हा बोललो असतो तर सगळं गेलं असतं, हे तिला पुढं कायम कळत राहिलं.

यशवंतराव काठवटीकडं बघत होते. भाकरीचा वास सुटला होता. पीठ गेलं म्हणजे तेही यजमान झाले, एकटे नव्हेत, सगळ्यांसारखे. आणि यजमानानं काय करायचं असतं हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. पटेलकीत त्यांनी जन्मभर लोकांना रीतच शिकवली होती. शेवटी त्यांनी काठी चिंचेला टेकवली, धोतराचा सोगा खोचला आणि सगळ्यात जवळ बसलेल्या गुड्याच्या माणसाकडं कुदळीसाठी हात पुढं केला. पहिला घाव वरवरच बसला. दुसरा खोल गेला. तिसऱ्यानंतर त्यांना धाप लागली, तेव्हा माणिकराव उठून त्यांच्या शेजारी गेले, आणि मग सगळेच उठले. पंगत उशिरा बसली. यशवंतराव पंगतीत बसले, भाकर खाल्ली, आणि बायकोकडं बघून म्हणाले की मीठ कमी आहे. बयनाबाई म्हणाली, बरं. त्या दोघांचं इतकंच बोलणं झालं, पण त्या दिवसानंतर बयनाबाई घराबाहेर पडताना कोणाला विचारत नसे.

राहिलेलं काम मग अवघड होतं, पण अडलं नाही. वैशाखात गाड्याच्या गाड्या मुरूम पडला, ओढ्यात दगड बसवले, मारुतीच्या देवळासमोरचं उकिरड्याचं मैदान साफ करून गाडी वळायची जागा केली. डेपोचा माणूस आला, पांदणीतून चालत गेला, एका वळणावर थांबून इथं जरा रुंद करा म्हणाला. तीही रुंदी लोकांनी दोन दिवसांत काढली. तो गेला आणि मग काहीच आलं नाही. रोहिणी सरत आली. उद्धवराव घरात काही बोलत नव्हते, पण त्यांनी धोतर धुऊन ठेवायला सांगितलं होतं, आणि धुतलेलं धोतर म्हणजे प्रवास, हे देवकाबाईला कळत होतं. ती रात्री झोपेतून दचकून उठायची आणि कुमुदला हात लावून बघायची. इतका आटापिटा केला, सगळं गाव राबलं, आता डेपोतल्या एका सहीपायी माझी लेक जाणार का, एवढाच विचार तिच्या डोक्यात फिरायचा.

मृग दुसऱ्या दिवशी लागणार, अशा सकाळी पांदणीतून हॉर्न ऐकू आला. गावातली कुत्री आधी धावली, मग पोरं, मग सगळेच. लाल बस धूळ उडवत, हळूहळू, एकदाही न अडता आली आणि मारुतीपुढं उभी राहिली. कोणीतरी ड्रायव्हरच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. यशवंतराव कंडक्टरला तेलुगूत काहीतरी मोठ्यानं समजावून सांगत होते, जणू बस त्यांनीच घरून आणली होती, आणि आज कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं. देवकाबाई कुमुदचा हात घट्ट धरून उभी होती.

गर्दीतून उद्धवराव आले. धुतलेलं धोतर, टोपी, बगलेत पिशवी. ते कोणाकडं न बघता बसमध्ये चढले आणि पहिल्या बाकावर बसले. शब्द दिला होता, बस आली होती, तरी हा माणूस निघाला कुठं? माणिकराव खिडकीपाशी गेले.

“दादा, कुठं?”

“किनवटले.” उद्धवरावांनी पिशवी मांडीवर घेतली. “होकार कळवाले चिठ्ठी चालते, माणिक. नाई म्हणायचं असन तर सोता जाऊन म्हणावं लागते. चांगले लोक हायेत, त्यायले वाईट वाटन.”

मग त्यांनी कुमुदकडं बघितलं आणि विचारलं, आठवीची पुस्तकं कोणती लागतात, येताना उटनूरहून घेऊन येतो. कुमुदनं एक-एक करून सगळी नावं सांगितली. देवकाबाई सगळ्या गावासमोर हुंदके देऊन रडली आणि तिला त्याची जरासुद्धा लाज वाटली नाही. ड्रायव्हरनं बस मागंपुढं करून वळवली. उद्धवराव खिडकीतून ती पुस्तकांची नावं विसरू नयेत म्हणून पुटपुटत होते, आणि बस पांदणीतून सडकेकडं गेली.